मधुमेही मुलीच्या नाडीचा वेग, तळपायांच्या मुंग्या आणि खो-खो: एका आईच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलेला तपशील इतर पालकांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. मुलगी तेरा वर्षांची आहे. सातव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले, म्हणजे आजाराला सहा वर्षे झाली. इतकी वर्षे सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन चालू होते आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, टक्क्यांत) बहुतेक वेळा दहाच्या आसपास राहिले, शेवटचे १०.४ होते. अडीच महिन्यांपूर्वी तिच्या डॉक्टरांनी दिवसाला चार इंजेक्शनांची पद्धत सुरू केली आणि साखर झपाट्याने खाली आली. गेले तीन आठवडे मात्र रात्री तिच्या तळपायांना मुंग्या येतात व आग होते. मामाने भेट दिलेल्या मनगटी घड्याळात शाळेत बसल्या जागी हृदयाचे ठोके १०५ ते ११२ दिसतात, झोपेत ते ७२ ते ७८ असतात. घाबरून तुम्ही ईसीजी काढून घेतला, तर त्यावर 'सायनस अऱ्हिदमिया' असा शेरा आला. नात्यातल्या एकाने ठोके कमी करणारी गोळी सुचवली. हृदय बिघडले आहे का, मधुमेहाने नसा खराब झाल्या आहेत का, आणि तिचा शाळेतला खो-खो बंद करावा का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षे मधुमेही मुलांचेच काम प्रामुख्याने करतो. तरीही तुमच्या मुलीला मी तपासलेले नाही, तिचा ईसीजी पाहिलेला नाही आणि तिच्या पायांना हात लावलेला नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो ते निदान नसून तिच्या डॉक्टरांसमोर बसताना कोणत्या क्रमाने विचार व्हावा याचे स्पष्टीकरण आहे. पहिली गोष्ट अशी की, तुम्ही नाडीचा वेग आणि पायांच्या मुंग्या या दोन तक्रारींची एकच गाठ बांधली आहे. मधुमेहात दोन्हींच्या मुळाशी चेतातंतूंची इजा असू शकते हे खरे आहे. पण तेरा वर्षांच्या मुलीत त्या दोन्हींची कारणे वेगवेगळी असण्याची शक्यता अधिक आहे, आणि ती वेगवेगळीच शोधावी लागतात.

ज्या शब्दाने तुमची झोप उडाली तो वाचून मला उलट बरे वाटले. 'सायनस अऱ्हिदमिया' याचा अर्थ एवढाच की, हृदयाचे ठोके नेहमीच्या नैसर्गिक केंद्रातूनच निघत आहेत, पण दोन ठोक्यांमधले अंतर अगदी सारखे नाही. मुले श्वास आत घेतात तेव्हा ठोके थोडे जलद होतात आणि श्वास सोडताना संथ होतात. मुलीला शांत बसवून तिच्या मनगटावर बोटे ठेवा आणि तिला सावकाश खोल श्वास घ्यायला सांगा. हा चढउतार तुम्हालाही बोटांखाली जाणवेल. लहान वयात तो ठळक असतो आणि वयाबरोबर कमी होत जातो. तो घडवून आणते ती व्हेगस नावाची नस. मेंदूच्या तळापासून निघून छाती व पोटापर्यंत पोहोचणारी ही लांबलचक नस हृदयाला लगाम घालण्याचे काम करते. लगाम शाबूत असेल तरच तो प्रत्येक श्वासागणिक ओढला आणि सैल सोडला जाऊ शकतो. म्हणून ईसीजीवरचा हा लहानसा अनियमितपणा व्हेगस काम करत असल्याची खूण आहे.

मधुमेहाने हृदयाच्या चेतातंतूंना इजा होते, ज्याला डॉक्टर कार्डियाक ऑटोनॉमिक न्यूरोपॅथी म्हणतात, तेव्हा नेमके याच्या उलट घडते. लांब चेतातंतू आधी दुखावले जातात, हा मधुमेहाचा सर्वसाधारण नियम आहे. हातापायांत त्याची सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि स्वायत्त चेतासंस्थेत, म्हणजे हृदय, आतडी यांसारखी कामे आपोआप चालवणाऱ्या नसांत, बहुधा व्हेगसपासून. लगाम ढिला पडला की विश्रांतीतला वेग वाढतो, पण त्याहून अधिक बोलके लक्षण म्हणजे ठोके एकसुरी होतात: खोल श्वास घेतला तरी फरक पडत नाही, झोपेत हवे तेवढे खाली येत नाहीत, आणि इजा फार पुढे गेली तर धावताना पुरेसे वरही चढत नाहीत. तुमच्या मुलीचे ठोके झोपेत सत्तरीत उतरतात. मनगटी घड्याळाच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही, पण दिवस आणि रात्र यांतला तीस-पस्तीस ठोक्यांचा फरक चुकीच्या मोजणीतून सातत्याने दिसणे अवघड आहे. हा फरक आणि ईसीजीवरचा शेरा एकत्र ठेवले तर हृदयाच्या नसांना मोठी इजा झाली असावी असे मला वाटत नाही. सूक्ष्म, केवळ चाचणीत दिसणारा बदल असू शकतो. त्याकडे पुढे येतो.

मग दिवसा ठोके एवढे का? इथे मोजण्याची पद्धत आधी नीट करू या. शाळेच्या वर्गात बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. जिना चढून येणे, तोंडी परीक्षेची धास्ती, दप्तराचे ओझे, सगळे त्यात मिसळते. आठवडाभर रोज सकाळी ती जागी झाल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, मनगटावर बोटे ठेवून पूर्ण साठ सेकंद ठोके मोजा आणि वहीत लिहा. संध्याकाळी पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा. या वयात विश्रांतीतले ठोके साधारण साठ ते शंभर यांच्या दरम्यान असतात. सकाळचा आकडा ऐंशीच्या आसपास आला तर शाळेतल्या ११० ला वेगळा अर्थ उरतो. सकाळीही तो सतत शंभराच्या वर राहिला तर कारण शोधलेच पाहिजे.

त्या कारणांत माझ्या मनात पहिल्या क्रमांकावर साखर आहे, आणि तीही खाली जाणारी. साखर घसरू लागली की शरीर अॅड्रेनलिन सोडते. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात. नव्या चार इंजेक्शनांच्या पद्धतीत सकाळचा डोस किंचित जास्त पडत असेल, तर मधल्या सुट्टीच्या आधी साखर सत्तरच्या खाली जाऊन घड्याळात ११२ दिसणे अगदी शक्य आहे. त्यातही एक गोम आहे, जी पालकांना सहसा कोणी सांगत नाही. ज्या मुलाचे शरीर वर्षानुवर्षे अडीचशे-तीनशे साखरेला सरावलेले असते, त्याला साखर शंभर-सव्वाशेपर्यंत आली तरी ती फार उतरल्यासारखी वाटते आणि तीच धडधड सुरू होते. हा धोका नसतो, पण मूल घाबरते, बिस्किटे खाते आणि साखर पुन्हा वर जाते. काही आठवड्यांत शरीर नव्या पातळीला सरावते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, घड्याळात आकडा मोठा दिसेल तेव्हा घड्याळाकडे पुन्हा न पाहता ग्लुकोमीटरने साखर पाहावी आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी मला दहा तपासण्यांपेक्षा अधिक सांगतात. साखर सत्तरच्या खाली असेल तर अर्थात नोंदीआधी साखर द्यायची: पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी.

दुसरे कारण रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी आढळल्या, आणि तेराव्या वर्षी, पाळी सुरू होण्याच्या सुमारास, तुमच्या मुलीची घसरण त्याच दिशेने असू शकते. रक्त कमी असले की हृदय वेगाने धावून भरपाई करते. शिवाय लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, तर सिकलसेलसारख्या आजारात ते फसवे निघते. म्हणून हिमोग्लोबिन न पाहता केवळ एचबीए१सीवरून निष्कर्ष काढणे मी टाळतो. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत सीलिअॅक आजारही इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यात गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याचे अस्तर खराब होते आणि लोह शोषले जात नाही. पोटाची काही तक्रार नसतानाही तो असू शकतो, त्यामुळे त्याची रक्तचाचणी झालेली नसल्यास करून घ्यावी.

तिसरे कारण थायरॉईड. टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलेली असते, आणि तीच अनेकदा थायरॉईडकडेही वळते. बहुतेक वेळा ग्रंथी मंदावते, पण कधी कधी अतिक्रियाशील होते. मग वजन घटते, हात थरथरतात आणि नाडी झोपेतही खाली येत नाही. टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करताना एक सावधगिरी बाळगावी. केसांसाठी किंवा 'नसांच्या ताकदीसाठी' मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत बायोटिन असते आणि ते काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत थायरॉईडचा अहवाल असा बिघडवते की, निरोगी मुलगी कागदावर अतिक्रियाशील थायरॉईडची रुग्ण दिसते. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने काही दिवस थांबवून मग रक्त द्या. याखेरीज ताप, पाणी कमी पडणे, दम्याच्या पंपातले सालब्युटामॉल, अपुरी झोप, शिकवणीच्या वर्गाला जाण्याआधी घेतलेली कॉफी, हे सगळे ठोके वाढवते. आणि ज्या मुलीला घरातले सगळे दिवसातून दहादा 'आता किती आहेत ठोके?' असे विचारतात, तिचे ठोके त्या प्रश्नानेही वाढतात.

एका परिस्थितीत मात्र वहीत नोंदी करत बसू नये. जलद नाडीसोबत उलट्या, पोटदुखी, खोल व भराभर चालणारा श्वास, सुस्ती किंवा लघवीत अथवा रक्तात कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्ले) असतील, तर तो कीटोअॅसिडोसिस, म्हणजे ही आम्ले धोकादायकरीत्या साचण्याचा प्रकार, असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासात रुग्णालय गाठावे, आणि मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करू नये. तसेच खेळताना भोवळ येऊन पडणे, श्रमाने छातीत दुखणे किंवा घराण्यात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, यांपैकी काही असेल तर बालहृदयरोगतज्ज्ञाला दाखवावे. तुमच्या पत्रात यांतले काहीच नाही.

नातेवाइकांनी सुचवलेली गोळी प्रोप्रॅनोलॉल किंवा तिच्या जातीची असणार. ती देऊ नका. ती ठोके कमी करील, पण त्याबरोबर साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ही सूचना दाबून टाकील. इन्सुलिनवरच्या मुलीच्या बाबतीत ही सूचना म्हणजे घराबाहेर बांधलेला कुत्रा आहे. तो भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधायचे नसते. ज्या थोड्या मुलांना ही औषधे खरोखर लागतात त्यांना ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच दिली जातात.

आता पायांकडे. खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातली मला अधिक विचार करायला लावणारी गोष्ट नाडीची नाही, ही आहे. सहा वर्षांच्या मधुमेहात, एचबीए१सी दहाच्या घरात असताना, पायांच्या चेतातंतूंना इजा होऊ शकते. पण मुलांमध्ये ही इजा बहुतेक वेळा मुकी असते. मूल तक्रार करत नाही आणि ती तपासणीतच सापडते. तीन आठवड्यांपूर्वी अचानक सुरू झालेली रात्रीची आग या मुक्या इजेच्या चित्रात नीट बसत नाही. म्हणून मी दोन गोष्टींचा आधी विचार करीन.

एक म्हणजे बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता. तुम्ही घरी शाकाहारी जेवण असल्याचे लिहिले आहे. पुण्यात केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून आपल्याकडे ही कमतरता किती सर्रास आहे हे दाखवून दिले आहे. भाजी, डाळ, भाकरी कितीही चांगली असली तरी त्यांत बी १२ जवळपास नसतेच. ते दूध-दही, अंडी, मासे, मांस यांतून येते. कमतरतेने पायांत मुंग्या येतात, कंपनाची संवेदना कमी होते आणि ते चित्र मधुमेहाच्या न्यूरोपॅथीशी इतके मिळतेजुळते असते की, केवळ पाहून वेगळे करता येत नाही. फरक एवढाच की, बी १२ ची कमतरता वेळेत भरून काढली तर नसा बहुधा सावरतात. यात एक चूक मी वारंवार पाहतो: मुंग्यांची तक्रार ऐकताच मिथाइलकोबालामिन (बी १२ चेच एक रूप) आणि प्रीगाबालिन (नसांच्या वेदनेवरचे औषध) एकत्र असलेली गोळी लिहून दिली जाते. त्यानंतर रक्तातले बी १२ भरपूर दिसते आणि मुळात ते कमी होते का, हे कळायचा मार्ग बंद होतो. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. चार दिवसांच्या उशिराने काहीही बिघडत नाही.

दुसरी शक्यता तुम्हाला विचित्र वाटेल. दीर्घकाळ खूप वर असलेली साखर फार वेगाने खाली आणली तर कधी कधी चेतातंतूंमध्ये तीव्र वेदना सुरू होतात. उपचारांनंतर उद्भवणारी ही न्यूरोपॅथी १९३३ सालीच वर्णन केलेली आहे आणि तिला पूर्वी 'इन्सुलिन न्यूरायटिस' म्हणत. तीन महिन्यांत एचबीए१सी दोन टक्क्यांहून अधिक घसरले तर तिची शक्यता सुरू होते आणि घसरण जितकी मोठी तितका धोका वाढतो, असा अनुभव आहे. पायांची आग, अंथरुणाचा स्पर्शही सहन न होणे, रात्री वेदना वाढणे ही तिची लक्षणे असतात. काहींना उभे राहिल्यावर चक्कर येते किंवा नाडी जलद होते, कारण स्वायत्त चेतातंतूही त्यात सापडू शकतात. तुमच्या मुलीच्या तक्रारीचा काळ, म्हणजे नवी पद्धत सुरू झाल्यानंतर साधारण दोन महिने, या चित्राशी जुळतो. म्हणून एचबीए१सी आत्ता पुन्हा करून घेणे महत्त्वाचे आहे: ते १०.४ वरून साडेनऊवर आले असेल तर ही शक्यता मागे पडते, सातवर आले असेल तर पुढे येते. ती खरी ठरली तर वेदनाशामक उपचार लागतात, डोळ्यांचा पडदा तातडीने तपासावा लागतो, कारण याच काळात तिथलेही बदल वाढू शकतात, आणि मग बहुतेकांच्या वेदना काही महिन्यांत ओसरतात. घाबरून जुन्या मिश्र इन्सुलिनकडे आणि जुन्या साखरेकडे परतणे हा यावरचा उपाय नाही. पुढची घसरण जरा सावकाश व्हावी एवढेच तिचे डॉक्टर पाहतील.

पाय तपासणे म्हणजे काय, हेही सांगून ठेवतो, कारण ते पाच-सात मिनिटांचे काम आहे आणि तुम्ही ते आग्रहाने मागू शकता. १२८ हर्ट्झचा नादकाटा पायाच्या अंगठ्यावर ठेवून कंपन केव्हा थांबले ते मुलीला सांगायला लावायचे, दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट नावाचा बारीक धागा तळपायाला टेकवून स्पर्श कळतो का पाहायचे, टोचणी आणि गारवा जाणवतो का विचारायचे, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया पाहायची. मुलांच्या बाबतीत या साध्या साधनांनी सुरुवातीची इजा निसटू शकते. शंका राहिली तर नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी, तपासणी करावी लागते. तिच्यात हलके विजेचे झटके बसतात, म्हणून मुलीला आधी विश्वासात घ्या. घरी तुम्ही रोज रात्री तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या पाहा. भेगा, फोड, काट्याची जखम यांकडे लक्ष असू द्या आणि अंगणात किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका.

हे सगळे कितपत आढळते? अमेरिकेत, तरुण वयात मधुमेह झालेल्यांचा मोठा अभ्यास 'सर्च' या नावाने झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, सरासरी आठ वर्षे आजार असलेल्या आणि सरासरी अठरा वर्षांच्या टाइप १ रुग्णांपैकी ८.५ टक्क्यांमध्ये पायांच्या न्यूरोपॅथीच्या खुणा आणि १४.४ टक्क्यांमध्ये हृदयाच्या स्वायत्त न्यूरोपॅथीच्या खुणा चाचणीत आढळल्या. टाइप २ मधुमेह असलेल्या तरुणांत हे प्रमाण अनुक्रमे १७.७ आणि १५.७ टक्के होते. हे आकडे परदेशातले आहेत आणि यांतले बरेचसे बदल चाचणीपुरते होते, मुलांना त्यांचा त्रास होत नव्हता. पण एवढे स्पष्ट आहे की, ही केवळ म्हाताऱ्या माणसांची व्याधी नाही. म्हणूनच टाइप १ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षापासून, आजाराला दोन ते पाच वर्षे झाली असतील तर, दरवर्षी नसा, डोळे आणि लघवीतले अल्ब्युमिन (मूत्रपिंडाच्या इजेची खूण असणारे प्रथिन) तपासावे असा आंतरराष्ट्रीय बालमधुमेह संघटनेचा सल्ला आहे. टाइप २ मध्ये ही तपासणी निदानाच्या दिवसापासूनच सुरू करायची असते. तुमची मुलगी या वयात आली आहे, त्यामुळे तक्रार नसती तरी तपासणीची वेळ झालेलीच होती.

हृदयाच्या नसांची चाचणी मी अशा मुलीच्या बाबतीत करून घेईन, पण घाईने नाही. एडिंबरोच्या ईविंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रूढ केलेल्या साध्या चाचण्या आजही वापरल्या जातात. ईसीजी चालू ठेवून मिनिटाला सहा या गतीने खोल श्वास घ्यायला लावतात आणि श्वास घेताना व सोडताना ठोक्यांत किती फरक पडतो ते मोजतात. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर नाडी व रक्तदाब पाहतात. नळीत जोर लावून फुंकायला सांगतात. प्रौढांमध्ये खोल श्वासाचा फरक मिनिटाला पंधरा ठोके किंवा अधिक असेल तर तो ठीक आणि दहाहून कमी असेल तर बिघडलेला धरतात. मुलांमध्ये हा फरक मुळातच मोठा असतो, त्यामुळे प्रौढांच्या मापाने तेरा वर्षांच्या मुलीचा सोळा हा आकडा 'नॉर्मल' म्हणून सुटू शकतो. अहवाल कोणत्या वयाच्या मापाशी ताडला आहे, हे जरूर विचारा. चाचणीच्या आदल्या दिवशी साखर फार खाली गेलेली नसावी, ताप नसावा, त्या सकाळी चहा-कॉफी घेतलेली नसावी, आणि डोळ्यांच्या पडद्यावर नव्या कच्च्या रक्तवाहिन्या असतील तर जोराने फुंकण्याची चाचणी करू नये. उभे राहिल्यावर नाडी दहा मिनिटांत चाळीस किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढत असेल तर वाढीच्या वयात, मधुमेहाशी संबंध नसतानाही दिसणारा 'पॉट्स' नावाचा वेगळा प्रकार असतो, तोही इथेच लक्षात येतो. आणि घड्याळ 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' (ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार) म्हणून जो आकडा दाखवते तो या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

या चाचणीत थोडा बदल सापडलाच तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात असेल. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात तेरा ते एकोणचाळीस वयाच्या १,४४१ रुग्णांवर जो प्रसिद्ध डीसीसीटी अभ्यास झाला, त्यात काटेकोर इन्सुलिन उपचारांनी न्यूरोपॅथी सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. त्या वर्षांतल्या चांगल्या साखरेचा लाभ पुढेही दीर्घकाळ टिकून राहिल्याचे नंतरच्या पाठपुराव्यात दिसले. त्याच अभ्यासात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, हेही विसरून चालणार नाही. आज इन्सुलिने आणि साखर सतत मोजणारे सेन्सर अधिक चांगले आहेत, तरी तोल तोच आहे. एचबीए१सी सात किंवा त्याखाली हे ध्येय योग्य आहे, पण तिथे पोहोचायला सहा महिने किंवा वर्ष लागले तरी चालेल. साखर रोज ४०० आणि ६० यांच्यामध्ये हेलकावे खाण्यापेक्षा एका पट्ट्यात स्थिर राहिलेली मला हवी असते. मुलगी मोठी होत आहे म्हणून एक गोष्ट आत्ताच बोलून ठेवा: मिसरी, गुटखा, सिगारेट, काहीही, मैत्रिणींबरोबर गंमत म्हणूनही नको, तंबाखू याच नसांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळते.

येत्या भेटीपुरते सांगायचे तर सोबत न्यायच्या गोष्टी अशा: सकाळच्या नाडीची आणि साखरेची पंधरा दिवसांची वही, मूळ ईसीजी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, औषध दुकानातून परस्पर आणलेली धरून. हिमोग्लोबिन व फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी १२, टीएसएच, सीलिअॅकची चाचणी, एचबीए१सी, लघवीतले अल्ब्युमिन आणि डोळ्यांची तपासणी यांबद्दल विचारा. सगळे एकाच दिवशी करायला हवे असे नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर पाय तपासणे, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, बी १२ आणि डोळे हे मी आधी करीन.

आता खो-खो. बंद करू नका. व्हेगसचा लगाम मजबूत ठेवणारा व्यायामासारखा दुसरा उपाय माझ्या माहितीत नाही, आणि धावताना तिची नाडी वर चढून नंतर दहा-पंधरा मिनिटांत खाली येताना दिसली तर ती स्वतःच एक चांगली खूण आहे. चाचण्या होईपर्यंत तिने सरावाला जावे, फक्त पायांची आग असलेल्या दिवसांत मऊ, नीट बसणारे बूट व मोजे घालून; आपल्या शाळांत खो-खो अनवाणी खेळतात, त्याबद्दल क्रीडाशिक्षकांशी बोला. मैदानात उतरण्यापूर्वी साखर मोजावी. नव्वदच्या खाली असेल तर आधी खाऊन घ्यावे, अडीचशेच्या वर असेल तर कीटोन पाहावेत आणि ते असतील तर त्या दिवशी खेळू नये. शिक्षकांच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी असू द्या. संध्याकाळी जोरात खेळणे झाले तर त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि एकदा पहाटे तीनच्या सुमारास साखर बघा, कारण स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात आणि ती उशिरा उतरते. तशी उतरत असेल तर खेळाच्या दिवशीचा रात्रीचा डोस किती कमी करायचा, हे तिच्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.